बॅटरीच्या गाडीचा आवाज

"आत्ता झाला बघा. परत वळवतो." रावजीसाहेबांनी स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे ओढलं, मग पूर्ण डावीकडे. मोकळ्या मैदानात गाडी बैलगाडीच्या चालीने गोल फिरत होती. "हा! कट्ट. ऐकलंत ना?"

"ऐकलं," शेजारी बसलेला कारभारी म्हणाला.

अगदीच खोटं नव्हतं ते. काहीतरी बारीक, खिडकीच्या बाजूने आलं होतं.

"डावी बाजू," तो म्हणाला. "शॉकअपच्या डोक्यावर बेअरिंग असती साहेब, ती सुकली. स्टिअरिंग वळलं की स्प्रिंगनं बी वळाया पायजे. ती अडकती आन मग एकदम सुटती."

"मला तर माझ्याच पायाकडून येतोय असं वाटतं. म्हणजे उजवीकडून."

"ड्रायवरला तसंच वाटतं. पत्र्यातनं आवाज फिरतो."

रावजीसाहेबांनी मान डोलावली. एकतीस वर्षं गाड्यांखाली झोपलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

निफाडकडच्या एका कारखान्यातून इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी ही बॅटरीची गाडी घेतली होती. दोन दारांची, जेवणाच्या डब्याएवढी. सन दोन हजार सातच्या नाशकात अशा गाड्या हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या. लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून ते गाडी चार्जिंगला लावत, आणि लाइट गेली की शेजारी म्हणत, रावजींची गाडी वीज पिऊन बसली. ते मनावर घेत नसत. एकच अडचण होती. गाडीला इंजिनाचा आवाज नसल्यामुळे बाकी जे काही वाजेल ते थेट कानात शिरायचं. पंधरा दिवसांपूर्वी हा कट्ट सुरू झाला आणि त्यांच्या पत्नी कमळाबाईंनी गाडीत बसणं सोडलं. चाक निखळून पडेल म्हणे. गुडघ्याच्या व्यायामाला त्या आता रिक्षाने जात. रिक्षाचं हॉर्न सोडून सगळंच वाजतं, पण तिची त्यांना भीती वाटत नव्हती.

तीन गॅरेजवाल्यांनी गाडी बघूनच हात जोडले होते. मग कुणीतरी द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीतलं हे गॅरेज सांगितलं. तिथे कारभारी आहे, म्हणाले. तो नुसतं ऐकून सांगतो.

हे खरं होतं. म्हणजे, होतं. गॅरेजचे जुने शेठ हयात असताना गिऱ्हाइकांना सांगत, आमच्याकडे मशीन नाही, कारभारी आहे. द्वारकेच्या त्या गदारोळात, ट्रक-एसट्यांच्या भोंग्यांत, कारभारी चहा पीत बसलेला असायचा आणि गाडी गल्लीत वळली की बशीवरची नजर न उचलता म्हणायचा, मागचं उजवं चाक. निघायचंही तेच. आता शेठ नव्हते. त्यांचा मुलगा ललित गॅरेज बघायचा, पण ट्रायलला अजून कारभारीच जायचा.

गेल्या दिवाळीत त्याचा उजवा कान गेला. आठवडाभर सर्दी-ताप झाला, आणि बरा होऊन कामावर आल्यावर त्याला वाटलं मोबाईल बिघडला. चार दिवस त्याने फोनला शिव्या दिल्या, मग दुकानात नेऊन दाखवला. दुकानदाराने कानाला लावून पाहिला आणि म्हणाला, काका, फोन चांगला आहे. सिव्हिलमधल्या डॉक्टरांनी सांगितलं की आतली नस सुकली, यंत्र लावून उपयोग नाही, दुसरा कान शाबूत आहे तो जपा. घरी त्याच्या बायकोला, कुसाबाईला, तेवढं माहीत होतं. गॅरेजमध्ये त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ट्रायल दुसऱ्याकडे गेली असती, आणि ट्रायल गेली की एकतीस वर्षांनंतर उरला असता तो नुसता पाना फिरवणारा एक म्हातारा. त्याला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

बेअरिंग नाशकात मिळेना. बंगळूरहून मागवली, ती अठरा दिवसांनी आली. जोडीच यायची, एका खोक्यात दोन.

काम सुरू करण्याआधी रावजीसाहेबांनी सीट उचलून बॅटरीचा मेन फ्यूज काढला आणि शर्टाच्या खिशात घातला. "कारखान्यातली सवय," ते म्हणाले. "काम संपेपर्यंत फ्यूज ज्याच्या त्याच्या खिशात. कुणाच्या भरवशावर ठेवायचा नाही." मग ते स्टूल घेऊन बसले.

कारभारीने गाडी जॅकवर घेतली, टेकूला घोडी लावली, डावं चाक काढलं, शॉकअप खाली घेतला. स्प्रिंगला समोरासमोर दोन क्लॅम्प लावून तो आळीपाळीने आवळत गेला, दोन आटे इकडे, दोन आटे तिकडे. दाबलेल्या स्प्रिंगसमोर तोंड आणायचं नाही, हे त्याला विसाव्या वर्षी शिकवलं होतं. तेव्हा हे काम पाऊण तासाचं होतं. आता मनगट भरून यायचं, मध्ये थांबावं लागायचं. वरचा नट सुटला. जुनी बेअरिंग त्याने बोटांत धरून फिरवली, ती तशी फिरत होती, पण जुनी ती जुनीच. नवी बसवली, ग्रीस भरलं, सगळं होतं तसं वर चढवलं. ट्रायलला तो गाडीत बसला तेव्हा त्याला काहीच ऐकू आलं नाही. शेजारून लग्नाचा बँड चालला होता, त्यामुळे रावजीसाहेबांनाही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी परत दारात.

"आवाज आहे तसाच आहे," रावजीसाहेब म्हणाले. ते चिडले नव्हते. चिडले असते तर कारभारीला बरं वाटलं असतं. "दारात गाडी वळवली, तसा आवाज ऐकून ही परत पायरीवर जाऊन बसली. म्हणाली, तुमचे मिस्त्री कसले हो."

"ठेवून जा साहेब. उद्या बघतो."

त्या दिवशी कारभारी नेहमीपेक्षा लवकर घरी गेला. कंबर दुखते म्हणाला. कंबर रोजच दुखायची.

सकाळी तो ओट्याजवळ बसून चहा पीत होता. कुसाबाईने हाक मारली. त्याने डावीकडे मान वळवून विचारलं, "काय?"

"अवं, मी हिकडं हाय. भिंतीशी काय बोलताय?"

ती उजवीकडे, दारात उभी होती. हातात धुण्याची बादली.

"तू तिकडनं बोलली?"

"मंग कुठनं? रोजच करता तुमी हे. मी कुठनं बी हाक मारली तरी तुमी तिकडंच बघता. मी आपलं म्हणलं, ऱ्हाऊ दे."

कारभारीने कप खाली ठेवला. "परत हाक मार बरं. तिथनंच."

"काय येड लागलं का?"

"मार म्हणतो ना."

त्याने डोळे मिटले. कुसाबाईने हाक मारली. डावीकडून. मग तिला त्याने मोरीजवळ उभं केलं, मग पाठीमागे. तिन्ही हाका डावीकडूनच आल्या. एक कान गेला म्हणजे निम्मं ऐकू येतं, एवढाच हिशेब त्याने वर्षभर धरला होता. आवाज कुठून येतो हे सांगायला दोन्ही कान लागतात, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलं नव्हतं.

आधी त्याला रावजीसाहेबांची गाडी आठवली. माझ्या पायाकडून येतोय, असं तो माणूस पहिल्याच दिवशी म्हणाला होता. इतर गाड्यांत इंजिनाच्या घरघरीत गिऱ्हाइकाला काही ऐकूच येत नसे, त्यामुळे कारभारी म्हणेल ते खरं. ही मुकी गाडी निघाली म्हणून तो उघडा पडला.

मग त्याला शाळेची व्हॅन आठवली. जुलैत एक व्हॅनवाला आला होता, चाकातून घूंघूं आवाज येतो म्हणून. ट्रायल मारून कारभारीने सांगितलं होतं, पुढचं डावं. चाकाची बेअरिंग बदलून दिली होती. व्हॅनवाला परत आला नव्हता. पण त्या व्हॅनचा स्वतःचाच आवाज एवढा होता की कमी-जास्त झालेलं त्याला कळणार कुठून? चौदा पोरं बसायची तिच्यात. चौदाचा आकडा त्याला नक्की आठवत होता, कारण एवढी कोंबू नको म्हणून तो व्हॅनवाल्याला बोलला होता.

कुसाबाई बादली घेऊन तशीच उभी होती. "काय झालं?"

"चाललो," तो म्हणाला. उरलेला चहा तसाच राहिला.

गॅरेजमध्ये ललित फोनवर बेअरिंग पाठवणाऱ्याला झापत होता. "माल डिफेक्टिव्ह आहे तुमचा. हो, बसवला ना. आमचे कारभारीकाका स्वतः... अहो, त्यांना चूक करायला सांगितली तरी येणार नाही."

रावजीसाहेब स्टुलावर येऊन बसले होते. दुसरा मेकॅनिक संतोष एका जीपखाली होता. कारभारी मध्ये उभा राहिला. गप्प बसलं तरी चालणार होतं. दुसरी बेअरिंग खोक्यात पडलेली होती, दोन्ही बाजू बदललेल्या बऱ्या म्हणून ती उजवीकडे बसवली असती तर आवाज गेला असता, माल बंगळूरवाल्याचा खराब ठरला असता आणि कान कारभारीचा शाबूत राहिला असता. पण व्हॅनचं तेवढं गप्प राहून भागणार नव्हतं.

"ललितशेठ, फोन ठेवा."

"एक मिनिट काका."

"ठेवा. बेअरिंग चांगली हाय. मीच चुकीच्या बाजूला घातली."

ललितने फोन ठेवला.

"माझा उजवा कान गेलाय. दिवाळीपास्नं. आवाज येतो, पण कुठनं येतो ते कळत नाय. सगळं डावीकडनंच ऐकू येतं."

जीपखालचा पान्याचा आवाज थांबला. ललितने एकदा रावजीसाहेबांकडे पाहिलं, मग कारभारीला बाजूला घेतलं. चुकून गेलेल्या कानाकडे तोंड करून तो कुजबुजला, मग लक्षात येऊन दुसऱ्या बाजूला आला. "काका, हे असं सगळ्यांसमोर कशाला? दोन्ही साइड चेंज करून देऊ, फ्रीमध्ये. विषय संपला."

"त्यांचं करतो मी. तुमी आधी त्या शाळेच्या व्हॅनवाल्याला फोन लावा. जुलैत तिचं चाक मीच सांगितलं होतं. पोरं शाळेत उतरवली की व्हॅन थेट हितं आली पायजे. उशीर नको."

ललित वही काढून नंबर शोधायला लागला.

"मी म्हणालो होतो," रावजीसाहेब स्टुलावरून म्हणाले. "माझ्या पायाकडून."

"म्हणला होता साहेब. मीच ऐकलं नाय."

"मग आता कसं बघणार?"

"हातानं."

रावजीसाहेबांनी फ्यूज काढून खिशात घातला आणि ते स्टिअरिंगवर बसले. कारभारी डाव्या चाकाच्या वर हात घालून स्प्रिंगला धरून बसला. "वळवा. सावकाश." स्प्रिंग हातात गुमान वळली. मग तो उजवीकडे आला. "वळवा." काही नाही. काही नाही. मग दाव्याला बांधलेल्या वासराने द्यावा तसा हिसका तळहाताला बसला. पहिल्याच दिवशी हे दोन मिनिटांत कळलं असतं. पण हात लावून बघणारे मेकॅनिक गल्लीत दहा होते. ऐकून सांगणारा तो एकटा होता, आणि त्याला ते सोडवलं नव्हतं.

व्हॅन दहाच्या सुमारास आली. जॅकवर घेऊन संतोषने पुढचं उजवं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. जराही हलायला नको होतं, ते बोटभर हललं. व्हॅनवाला बघतच राहिला. संतोषने चाक काढायला घेतलं आणि कारभारी व्हॅनच्या मागे जाऊन जरा वेळ सावलीत बसला.

उजव्या बाजूची बेअरिंग त्याने एकट्याने बदलली. क्लॅम्प आवळताना तीन वेळा थांबला. जुनी बेअरिंग निघाली ती गंजून घट्ट झालेली, बोटांनी फिरेना. ती त्याने रावजीसाहेबांच्या हातात दिली. त्यांनी ती फिरवून पाहिली आणि परत केली.

ललित जवळ आला. "काका, उद्यापासून ट्रायलला संतोष जाईल. तुम्ही त्याला शिकवा सगळं."

"बरं," कारभारी म्हणाला. वर्षभर ज्याची धास्ती घेतली होती ते एका वाक्यात उरकलं. आतून त्याला फार थकल्यासारखं वाटलं, आणि थोडं हलकंही.

"आत्ताच्या ट्रायललाच संतोषला पाठवतो," ललित म्हणाला.

"नको," रावजीसाहेब म्हणाले. "यांनाच येऊ द्या."

दोघं त्याच मैदानात आले. आज बँड नव्हता, वाराही नव्हता. रावजीसाहेबांनी स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे ओढलं, मग पूर्ण डावीकडे. गाडी गोल फिरत राहिली. कारभारीने तळहात समोरच्या पत्र्यावर टेकवून ठेवला होता. पत्रा शांत होता. पण नुसत्या पत्र्यावरून सांगायची त्याला सवय नव्हती.

"नाही येत," रावजीसाहेब म्हणाले.

"नीट ऐका साहेब. अजून एकदा वळवा."

त्यांनी काच खाली केली, डोकं थोडं बाहेर काढलं आणि पुन्हा वळवलं. वळवताना ते श्वाससुद्धा रोखून धरत होते.

"नाही," ते म्हणाले. "खरंच नाही."

कारभारीने तळहात पत्र्यावरून काढला. रावजीसाहेबांनी गाडी गॅरेजकडे वळवली.

गॅरेजच्या दारात ललित उभा होता. संतोष व्हॅनचं चाक चढवत होता, त्यानेही मान वर केली.

"काय काका, गेला का आवाज?"

कारभारी गाडीतून उतरला. दार हळूच लावलं.

"साहेब म्हणतात, गेला," तो म्हणाला.