बोदावरची बुंदी

जिनपाल आप्पांनी कण्हेरीच्या बुडाशी पहार घातली आणि सगळा जीव टाकून रेटली. एक मुळी कटकन तुटली, झाड मात्र हललं नाही. पायरीवर त्यांची बायको तारामती फोन उभा धरून बसली होती, आणि फोनमधून त्यांची लेक प्रणिता दुबईत बसून सगळं बघत होती.

"आप्पा, मुळासकट काढा. खोड राहिलं तर परत फुटतंय ते."

"आता तू शिकव मला झाड काढायला. जन्म मातीत गेला माझा."

"आणि पानं तिथं टाकू नका. एक पान जरी चावलं बुंदीनं, तरी संपलं."

बुंदी म्हणजे प्रणिताचं मांजर. पिवळसर अंगावर गोल गोल ठिपके, म्हणून बुंदी. ऑफिसनं प्रणिताला थोडे महिने दुबईला धाडलं, तशी ती मांजर निपाणीला आईबापाकडं सोडून गेली. तिथं गेल्यावर तिला कळलं की सोबतच्या एका बाईचं मांजर घरातल्या लिलीच्या फुलापायी मेलं. फूल खाल्लंसुद्धा नव्हतं त्यानं. अंगाला लागलेली पिवळी भुकटी तेवढी चाटली होती. त्या दिवसापासून प्रणिताला चैन नव्हतं, आणि तिला चैन नव्हतं म्हणून आप्पांनाही नव्हतं. एकुलती एक लेक, तीही लई उशिरा झालेली. तिनं चंद्र उतरवा म्हटलं असतं, तर आप्पांनी शिडी शोधली असती.

"बसदीत रोज ह्याच झाडाची फुलं जातात," तारामती म्हणाली. "देवाला चालतंय, तुझ्या मांजराला न्हाय चालत."

"देव चाटत न्हाय गं आई."

कुंपणापलीकडून शेजारची मंगल डोकावली. "काका, एवढी बडदास्त आमी जावयाचीबी केली न्हाय."

"जावई कुठं झाडं चाटतोय?" आप्पा म्हणाले, आणि पहार परत घातली.

शेवटी झाड आडवं झालं. मग लिलीचा वाफा गेला. खिडकीतला मनी प्लँट गेला, कोरफडीची कुंडी मंगलकडं गेली. प्रणितानं फोन घरभर फिरवायला लावला. स्वयंपाकघर, सोपा, देव्हारा. आतल्या खोलीच्या दाराशी तारामती थांबली.

"इथं काय बघू नको. तंबाखूचे बोद हाईत नुसते."

फोनमध्ये भिंतीला लावून रचलेले ते गोणपाटात शिवलेले मोठे मोठे फुगीर बोद दिसले. प्रणिता त्याच बोदांवर उड्या मारून लहानाची मोठी झाली होती.

"झाड न्हाय ना कुठलं तिथं?"

"तिथं कुठलं झाड?"

"मग राहू दे," प्रणिता म्हणाली. "आता घरात हिरवं काय राहिलंय?"

"तुझ्या आईचं लुगडं," आप्पा म्हणाले. "ते काढायला सांगू नको."

ती हसली. आठवड्यात पहिल्यांदा हसली, म्हणून आप्पांना झाडं गेल्याचं काही वाटलं नाही.

बुंदी घरात रुळली. तारामती तिला शिवत नव्हती. मांजराच्या दाण्यांना मासळीचा वास आणि घर जैनाचं, त्यामुळं वाटी बाहेर कट्ट्यावर, आणि ती वाटी धुवायचं काम आप्पांचं. पण बुंदीला राग-लोभ नव्हता. पावसाची झड लागली, हवा गार झाली, तशी ती आतल्या खोलीत गेली, बोदांच्या थप्पीवर चढली आणि सगळ्यात वरच्या बोदावर वेटोळं करून झोपली. ते तिचंच घर झालं. संध्याकाळी आप्पा बोद तपासून, हात झटकत बाहेर आले की ती त्यांच्या मांडीवर यायची आणि खरखरीत जिभेनं त्यांचे तळवे चाटत बसायची.

"बघ, माझ्यावर जीव हाय तिचा," आप्पा म्हणायचे.

"मीठ लागत असंल घामाचं," तारामती म्हणायची.

एक दिवस परशराम दलाल माल बघायला आला. त्यानं एका बोदाची शिवण उसवली, मूठभर चुरा तळहातावर चोळला, नाकाला लावला. खकाणा उडाला, दोघं शिंकले.

"माल बरा हाय आप्पा. आत्ताच सोडा."

"पाऊस सरू दे. भाव चढतोय."

"तुमी काय ऐकणार न्हाय," परशराम म्हणाला. मग थप्पीवर नजर टाकून हसला. "राखणदार मात्र झकास ठेवलाय. उंदराची बिशाद न्हाय."

दोघं चहाला सोप्यावर येऊन बसले. बोदाचं तोंड उघडंच राहिलं. आप्पा मागून शिवायला गेले, तेव्हा बुंदी त्या चुऱ्यात उताणी लोळत होती. त्यांना हसू आलं. त्यांनी तिला उचललं, झटकलं आणि खाली सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बुंदी कॉटखाली सापडली. तोंडातून लाळेची तार जमिनीला लागली होती. शेजारी ओकारी. आप्पांनी हाक मारली तशी ती उठली, दोन पावलं दारू प्याल्यासारखी आली आणि आडवी झाली. पाय थरथरत होते. डोळे नुसते काळे, पिवळा रंग कुठं दिसतच नव्हता.

आप्पा तसेच उकिडवे बसून राहिले.

तारामती आतून आली, तिनं बघितलं. एरवी मांजराचा केस अंगाला लागला तरी लुगडं बदलणारी बाई. तिनं पदर पसरला आणि बुंदीला पदरात घेतलं.

"बसून काय ऱ्हायलासा? गाडी काढा."

जनावरांचा डॉक्टर हमरस्त्याला होता. सौरव नावाचा तरणा पोरगा, चिकोडीकडचा. त्यानं बुंदीला टेबलावर घेतलं, छातीला नळी लावली, डोळ्यात बॅटरी मारली.

"काय खाल्लंय हिनं? घरात झाडं कुठली हाईत?"

"एक न्हाय," आप्पा म्हणाले. "सगळी काढली. ह्या हातानं काढली."

तोवर प्रणिताचा फोन आला. आप्पांनी उचलला आणि खोटं बोलता आलं नाही.

"आप्पा," ती हळू आवाजात म्हणाली, "खरं सांगा. बसदीच्या फुलांसाठी कण्हेरीची फांदी कुठं ठेवलासा काय?"

"न्हाय गं."

"आईनं?"

आप्पांनी तारामतीकडं बघितलं. बघायला नको होतं, पण बघितलं.

"मी न्हाय ठेवली," तारामती म्हणाली. "माझ्याकडं कशाला बघतासा?"

डॉक्टर बुंदीच्या पाठीवरून हात फिरवत होता. त्यानं बोटं नाकाशी नेली, मग खाली वाकून तिच्या केसांचाच वास घेतला आणि शिंकला.

"ही झोपते कुठं?"

"बोदावर," आप्पा म्हणाले.

"कशाच्या?"

आप्पा सांगायला गेले आणि त्यांच्या ध्यानात आलं. मग म्हणाले, "तंबाखूच्या."

"मग झाडं काढली म्हणतासा, ते काय हाय? झाडच की ते."

प्रणिता फोनवर होती. तिनंही ऐकलं. ती एवढंच म्हणाली, "मी बघितलतं ते. मीच राहू दे म्हटलं." आणि फोन ठेवला.

डॉक्टरनं सुई टोचली, सलाईन लावलं. कोमट पाणी आणि साबण घेऊन बुंदीला तिथंच धुवायला घेतलं. तारामतीनं तिचं डोकं धरलं. पहिलं पाणी चहासारखं निघालं. दुसरंही. डॉक्टर हात चालवता चालवता बोलत होता.

"चाटून चाटून पोटात गेलंय. लाळ गळती, वांती, हातपाय कापायचे, छाती धडधडायची, उभं राहिलं की गरगरायचं. जगंल ही, वेळेवर आणलासा. पण घरात तो माल असंतोवर परत न्यायची न्हाय."

तारामतीचा हात बुंदीच्या डोक्यावर थांबला होता.

"माणसाला बी असंच होतंय काय?"

"होतंय की आक्का. कातड्यातनं आत जातंय. वल्ल्या पानाचं तर लई वाईट. पाऊस, दंव असलं की पान हाताळणाऱ्या बायकांना हमखास."

"शेंडं खुडताना," तारामती म्हणाली.

"व्हय."

"सकाळी दंवात शेंडं खुडायचे. हाताला काळा डिंक बसायचा, दगडानं घासला तरी निघायचा न्हाय. दुपारपत्तोर वांती सुरू. रात्रभर छातीत घोडं पळतंय." ती बुंदीकडं बघूनच बोलत होती. "पित्त म्हणायचे सगळे. सासूबाई म्हणायच्या, खुडणीच्या टायमालाच बरं उठतंय हिचं पित्त."

आप्पा टॉवेल धरून उभे होते. सासूबाईच नव्हे, ते स्वतःही म्हणायचे. चारचौघांत, हसत. पित्तावर त्यांनी मिरजेचा वैद्य केला होता, वांगं बंद केलं होतं, उपवास धरायला लावले होते. खुडणी मात्र एका सालालाही बंद झाली नव्हती. घरची बाई खुडायला असली की मजुरांचं काम उरकतं, असं त्यांच्या वडलांपासून चालत आलं होतं.

डॉक्टरनं टॉवेल मागितला. आप्पांना ऐकू गेलं नाही. त्यानं तो हातातून ओढून घेतला.

"एक इचारू?" तारामती म्हणाली. "पोटुशी बाई असली तर?"

डॉक्टर बुंदीचे कान पुसत होता. त्याचे हात जरा हळू झाले.

"मी जनावरांचा डॉक्टर, आक्का. ते माणसांच्या डॉक्टरला विचारा."

"इचारलं असतं. ठावं असतं तर." तिनं बुंदीच्या पंज्याला लागलेला फेस पदरानं टिपला. "प्रणिताच्या येळंला वडलांचं आजारपण निघालं, म्हणून मी सगळे दिवस माहेरालाच राहिलते. शेडबाळला. तिथं ऊस हाय. तंबाखू न्हाय."

सलाईनचे थेंब पडत होते. बुंदीनं मान जरा वर केली, जीभ काढली आणि पंजा चाटायला गेली. तारामतीनं पंजा मुठीत झाकून धरला.

"आता नको चाटू, बाई," ती म्हणाली.

प्रणिताच्या आधी घरात पाळणा दोनदा बांधून दोनदा रिकामाच सोडला होता. आप्पांच्या घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे. देवाची मर्जी, एवढंच बोलून ते बंद झालं होतं. आप्पा भिंतीला टेकले. त्यांना तारामतीजवळ जायचं होतं. एक पाऊल टाकलं, आणि त्यांचं आपल्याच हातांकडं लक्ष गेलं. नखांत तपकिरी कडा, बोटांच्या रेघांत तपकिरी. ते तिथंच थांबले.

डॉक्टर म्हणाला, "आजचा दिवस राहू दे हिला इथं. उद्या बघू."

बाहेर झड थांबली होती. आप्पांनी गाडीजवळ येऊन परशरामला फोन लावला.

"सगळा माल उचल. आजच टेंपो धाड."

"आजच? आप्पा, कालच तर पाऊस सरू दे म्हणालासा."

"म्हणालतो."

"भाव न्हाय मिळायचा. थोडं दमानं घ्या की."

"मिळंल तो दे. आणि औंदा तंबाखूचा तरू टाकायचा न्हाय. रानात दुसरं कायबी करू."

निपाणीत ही गोष्ट कोणी फोनवर उभ्या उभ्या सांगत नाही. दोन पिढ्या ह्या घरचा माल परशरामच्याच वखारीत गेला होता.

"आप्पा, बरं हाय न्हवं? एवढी घाई कशापायी?"

आप्पांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी तारामतीकडं बघितलं. ती ओल्या पदरावरचे मांजराचे केस एक एक करून काढत होती, आणि तिला सगळं ऐकू येत होतं.

"आप्पा? ऐकू येतंय काय? कशापायी म्हणतोय मी."

तारामतीनं शेवटचा केस झटकला आणि गाडीच्या मागच्या सीटला हात लावला.

"मांजरापायी म्हणा," ती म्हणाली. "सांगा आणि चला. उन्हं कलली, दिवस बुडायच्या आत जेवण व्हायचंय."