मावशीची अठ्ठावन्न गाणी

बाइंडिंगखान्यात रेडिओ फोरमनचा होता. कान सगळ्यांचे असले, तरी ऐकायचं काय ते फोरमन ठरवायचा. सकाळी नऊला तो लोखंडी कपाटावरचा रेडिओ लावायचा आणि साडेपाचला बंद करायचा. मधल्या वेळात आवडो न आवडो, सात बायका त्याच गाण्यांवर लांबलचक टेबलाभोवती फिरत असायच्या. टेबलावर छापून घड्या घातलेल्या सोळा-सोळा पानांचे गठ्ठे ओळीनं मांडलेले. त्या सोळा पानांना म्हणायचं फर्मा. पहिला फर्मा उचलायचा, मग दुसरा, मग तिसरा, असा टेबलाला एक फेरा झाला की एक पुस्तक जुळलं. ते ठोकून सारखं करायचं, शिलाईच्या ढिगावर ठेवायचं आणि पुन्हा पहिल्या गठ्ठ्याशी यायचं. रेडिओमुळे सगळ्यांची पावलं एका चालीनं पडायची, कुणी कुणाला धडकायचं नाही. फोरमनला या गोष्टीचा कोण अभिमान!

मावशीला इथं सत्तावीस वर्षं झाली होती. सगळे तिला मावशी म्हणायचे, तिच्याहून दोनच वर्षांनी लहान असलेला फोरमनसुद्धा. त्याच्या रेडिओआधी तिच्या वाट्याला बापाचा रेडिओ आला होता. त्याला हात लावलास तर हात मोडीन, असं बापानं बजावून ठेवलेलं. मग आला नवऱ्याचा टेपरेकॉर्डर. नवरा गाण्यांचा मोठा हौशी, पण हौस सगळी त्याची. दाढी करताना एक कॅसेट, जेवताना दुसरी. तिनं कधी भीत भीत "हे एवढं पुन्हा लावा ना" म्हटलं, की "टेप खराब होते" हे उत्तर ठरलेलं. नवरा गेला, टेपरेकॉर्डर पुतण्यानं नेला. तेव्हा रडता रडता मावशीला एकदा वाटून गेलं, की चला, घर शांत झालं. मग स्वतःचीच लाज वाटून ती आणखी रडली.

मावशीची लेक कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. एका रविवारी सकाळी तिनं आईसमोर काड्यापेटीहून लहान एक प्लेअर ठेवला, सोबत कानात घालायच्या दोन वायरी.

"सांग, कुठली गाणी भरू?"

"भर तुला आवडतील ती."

"माझ्या आवडीची माझ्याकडे आहेत. तुझ्या आवडीची सांग. पटापट."

मावशी आठवू लागली. जन्मभर गाणी ऐकली, शेकडो पाठ होती, पण तुला कुठलं आवडतं हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी काहीतरी सांगायचं म्हणून तिनं नवऱ्याची लाडकी पाच-सहा गाणी सांगितली. लेकीनं ती नेटवरून उतरवली आणि भरून दिली.

दुसऱ्या दिवशी रात्री भांडी घासताना मावशीनं वायरी कानात घातल्या. पहिलं गाणं निम्म्यावर आलं आणि तिचे हात थांबले.

"मेलं हे गाणं मला कधीच आवडलेलं नाही!" ती एकटीच मोठ्यानं म्हणाली.

साबणाचा हात तसाच पुसून तिनं पुढे जायचं बटण दाबलं. गाणं ओळीच्या मधोमध तुटलं. कुणी ओरडलं नाही. तिनं दुसरंही तोडलं. तिसऱ्याच्या पहिल्या सुरालाच फाटा दिला. ओल्या हातांनी ती मोरीजवळ उभी राहून बटण दाबत होती आणि स्वतःशीच हसत होती. नवरा जिवंत असताना त्याला जे एकदाही म्हणता आलं नाही, ते तिनं त्या रात्री सहा वेळा म्हणून घेतलं.

त्यानंतर मावशी बदललीच. दर रविवारी ती लेकीच्या कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून बसायची. एका बोटानं अक्षरं शोधायची आणि गाणं उतरेपर्यंत उतू जाणाऱ्या दुधावर नजर ठेवावी तशी पडद्याकडे बघत राहायची. एक गाणं उतरायला वीस-वीस मिनिटं लागत. त्यात लाइट गेली की सगळं मुसळ केरात. पण तिला गाणी सापडत गेली. तेराव्या वर्षी शेजारच्या भिंतीतून एकदाच ऐकलेलं एक सापडलं. एक चांगलंच चावट होतं, ते आवडतं हे तिनं आजवर स्वतःलाही कबूल केलं नव्हतं. एकाची तर भाषाच तिला कळत नव्हती, तरी ते लागलं की ती हातातलं काम टाकून बसायची. ते ती अकरा-अकरा वेळा ऐकायची. होऊ दे काय खराब व्हायचं ते!

"काय काय भरलंस गं? बघू तरी," लेक एकदा म्हणाली.

"तुला काय करायचंय?"

लेक कोपरापासून हात जोडून म्हणाली, "बरं बाई, राहिलं."

अठ्ठावन्न गाणी झाली तेव्हा मावशी प्लेअर घेऊन कामावर गेली. कागदाच्या धुळीसाठी डोक्याला रुमाल बांधायचाच असे, त्याखाली वायरी दडल्या. आठवडाभर कुणाला पत्ता लागला नाही. पण तिच्या पाठोपाठ फिरणारी, सगळ्या जिला बडबडी म्हणायच्या ती, काही कच्ची नव्हती.

"मावशी, आज तुम्ही लग्नाच्या वरातीसारख्या का चालताय हो? मी मागून दोनदा धडकले."

मग काय, लपवणार किती? महिन्याभरात बडबडीकडे प्लेअर आला, दोन महिन्यांत मावशीखेरीज पाच जणींकडे. ज्या टेबलाभोवती सात बायका एका चालीनं फिरायच्या, तिथं आता एक पळायची, एक रेंगाळायची, एक मान डोलावत डोळे मिटून उभी राहायची. आधी रेडिओवरचं एखादं गाणं सगळ्या मिळून म्हणायच्या, तेही बंद पडलं. मावशीला त्याची चुटपुट लागायची. नाही असं नाही. तरी ती वायरी काढायची नाही.

आणि मग व्हायचं तेच झालं. चाळीस पुस्तकं परत आली. पाचवा फर्मा दोनदा, सहावा गायब. वाचणारा ऐन रंगात आलेला आणि पुन्हा मागचीच सोळा पानं!

फोरमननं सगळ्यांना टेबलापाशी उभं केलं. हातात पुठ्ठ्याचं खोकं होतं.

"बास झाली थेरं. रोज आत येताना आपापला प्लेअर या खोक्यात टाकायचा. जाताना न्यायचा. रेडिओ आहे ना एवढा!"

चार जणींनी मुकाट्यानं प्लेअर टाकले. बडबडीनं कुरकुरत टाकला. खोकं मावशीसमोर आलं.

"चाळीस पुस्तकं माझ्यामुळे बिघडली," मावशी म्हणाली. "पाचव्या फर्म्यापाशी मी गाणं पुन्हा लावायला थांबायची. मागची पाचवा उचलून मला वळसा घालायची, की हिशोब चुकून सहाव्याच्या जागी पुन्हा पाचवाच घ्यायची. चूक माझी. ती पुस्तकं मी उसवून जुळवून देते, घरी जायच्या वेळेनंतर बसून."

"मग टाका तो यात."

"ते नाही जमायचं."

कटिंग मशीनवाल्यानं मशीन थांबवलं.

"मावशी, मी सरळ बोलतोय. हे चालणार नसेल तर उद्यापासून घरी बसावं लागेल."

लेकीच्या पगारावर नुसतं भाडंच भागायचं. या वयात दुसरीकडे कोण घेणार? हे सगळं मावशीला दिसत होतं, लख्ख दिसत होतं. तरी तोंडातून बाहेर पडलं ते वेगळंच.

"हात तुमच्याकडे कामाला लावलेत, पाय लावलेत. सत्तावीस वर्षांत एक दिवस कुरकुर केली असेल तर सांगा. पण कान पगारात धरलेले नाहीत. मला फेऱ्यात घेऊ नका. एकटीला काम द्या, कुणाला न धडकता करते. एक पुस्तक जरी चुकलं, तर मी आपणहून जाईन. तुम्हाला सांगावंही लागणार नाही."

फोरमन चिडला होता, पण दुष्ट नव्हता. त्यानं तिला मागच्या कोपऱ्यातलं टेबल दिलं आणि त्यावर कुणालाच नको असलेलं काम लादलं. बावीस फर्म्यांचा जाडजूड कोश. त्यात सगळी पानं दिसायला सारखी, म्हणजे चुकायला मोकळं रान.

मावशीनं डोळ्यांत तेल घालून काम केलं. थांबायचं ते पुस्तक पुरं झाल्यावरच, हा तिनं स्वतःला घालून घेतलेला नियम. टेबलापलीकडून बायकांच्या पुन्हा सुरू झालेल्या गाण्याचा आवाज यायचा, वायरी कानात असूनही थोडा यायचाच. तेव्हा तिला एकटं वाटायचं. ती तशीच पुढचा फर्मा उचलायची. फोरमन दिवसातून चार वेळा येऊन कुठलंही पुस्तक उपसून पानं मोजायचा. सोमवारी मोजली. बुधवारी मोजली. शुक्रवारी त्यानं शंभर पुस्तकं तपासली आणि हात टेकले.

पण तो गेला नाही. तिथंच घुटमळत राहिला. मावशीनं एक वायर काढली.

"काय झालं?"

"मावशी, हा रेडिओ मी घरून आणलाय. बिघडला की मीच दुरुस्त करून आणतो. का, तर तुमचा दिवस बरा जावा." त्याचा आवाज दुखावलेला होता. "माझ्या रेडिओवर नाही असं त्यात आहे तरी काय? ऐकू द्या मला एकदा. एवढं ऐकू द्या, मग हवं तेवढं वापरा. मी पुन्हा विषय काढणार नाही."

त्यानं हात पुढे केला. मागणी साधी होती, आणि मावशीला त्याची कीवही आली. बायका फिरायच्या थांबल्या होत्या. बडबडी तर मानेनं खुणावत होती, की देऊन टाका, मिटवा एकदाचं.

"नाही," मावशी म्हणाली.

"अहो, दोन मिनिटं."

"तुमचा रेडिओ वाईट नाही. बापाचाही नव्हता, नवऱ्याचा टेपही नव्हता. पण जन्मभर मी काय ऐकते ते सगळ्यांना माहीत होतं. हे कुणालाच माहीत नाही. माझ्या लेकीलासुद्धा नाही. माझं एकटीचं म्हणावं असं माझ्याकडे दुसरं काही नाही हो. नोकरी घ्यायची तर घ्या. हे नाही देणार."

फोरमननं हात मागे घेतला. कोशाच्या आठशे प्रती अजून जुळवायच्या होत्या, आणि त्या न चुकता जुळवणारी बाई त्याच्याकडे एकच होती. हे त्याला माहीत होतं. आज पहिल्यांदा तिलाही ते माहीत होतं.

मावशीनं वायर पुन्हा कानात घातली, हवं ते गाणं लावलं आणि पहिला फर्मा उचलला.