गाडीत बसली की झोपते

कूलिंग कॉईल काढू नका, असं एसीच्या मिस्त्रींनी मला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा मी त्यांच्या बोलण्याकडे कमी आणि चेहऱ्याकडे जास्त बघत होते. माणूस काहीतरी लपवतोय का, हे शोधायची मला वाईट खोड आहे. मुलगी झाल्यापासून तर ती फारच वाढली.

आमची गाडी अठरा वर्षांची. तिच्या एसीचा कॉम्प्रेसर जाम झाला होता आणि चढावर गाडी धापा टाकायची. दुरुस्त करण्यात अर्थ नाही, सगळं काढूनच टाकू, असं भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी ठरवलं. नवरा कामासाठी तीन महिने परगावी होता, त्यामुळे घरातला कर्ता पुरुष सध्या आपणच, असा भाऊजींचा समज. मी तो मोडला नाही. आमच्या ठकीला, सव्वा वर्षाच्या माझ्या लेकीला, रोज सकाळी पाळणाघरात तेच सोडत होते.

कॉलेजात मी तीन वर्षं रसायनशास्त्र शिकले आहे. त्यामुळे मिस्त्री एसीतला गॅस हवेत सोडून मोकळे होतात की काय, यावर माझा डोळा. त्यांनी तो यंत्राने टाकीत ओढून घेतला, तरी मी काट्यावरची नजर काढली नाही. मग कॉम्प्रेसर निघाला, पुढची जाळी निघाली, आखूड पट्टा बसला. हात पुसत ते म्हणाले, "ताई, डॅशबोर्डमागची आतली कॉईल राहू द्या. ती काढली की इंजिनाच्या बाजूची दोन भोकं उघडी पडतात." फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा पुन्हा तेच. मला वाटलं, हे लोक आज ना उद्या पुन्हा एसी बसवायला येतील म्हणून दोरी हातात ठेवतोय. मी हसून "बरं बरं" म्हटलं. भाऊजींना सांगितलंसुद्धा नाही.

पुढच्याच आठवड्यात पंखा लावला की गाडीत ओल्या मोज्यांसारखा वास यायला लागला. तक्रार मीच केली, एकदा नाही, रोज. शेवटी एका रविवारी भाऊजींनी डॅशबोर्ड उघडला, बुरशीने काळी पडलेली कॉईल ओढून काढली आणि विजेत्याच्या थाटात मला आणून दाखवली. भोकांत जुना टॉवेल कोंबून वरून टेप मारली. सगळं परत जोडल्यावर चार स्क्रू उरले. कंपनीनेच जास्तीचे दिले असतील, म्हणाले. मी हसले. वास गेला होता ना.

मग ठकीचा कान दुखायला लागला. डॉक्टरांनी वारा लागू देऊ नका म्हटल्यावर मी भाऊजींना ताकीदच दिली की गाडीची एकही काच खाली करायची नाही. थंडीचे दिवस, बंद काचांवर वाफ धरायची, म्हणून ते पंखा चालू ठेवायचे. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. एकेक वेगवेगळं माहीत होतं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी पाळणाघरातल्या मावशींनी मला संध्याकाळी दारातच थांबवलं. सगळी मुलं त्यांना मावशी म्हणतात, म्हणून आम्हीही. ठकी हल्ली येते तीच झोपेत, म्हणाल्या. खांद्यावर मान टाकलेली, उठवलं तर रडत नाही, नुसती बघते. काल दूध उलटलं. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "घरी काही देता का हो तिला? झोपेचं वगैरे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गोड आवाजात नाही म्हटलं आणि घरी येईपर्यंत बसमध्ये एकच विचार केला: हा प्रश्न त्यांना सुचलाच कसा? जो देतो त्यालाच असं सुचतं. पंधरा मुलं सांभाळायची म्हणजे दोन-चार झोपलेली बरीच. त्या रात्री मी ठकीच्या तोंडाचा वास घेतला. दुसऱ्या दिवशी तिच्या पिशवीतली पाण्याची बाटली घरी येताच चाखून बघितली. पाणीच होतं.

पण मावशी म्हणत होत्या की ती येते तीच झोपेत. ते खरं असेल तर? घरून निघताना ठकी माझ्या हातून सुटून दोनदा जिना उतरायला बघते, एवढं तिच्यात वारं असतं. म्हणजे जे काही होतं ते मधल्या अर्ध्या तासात. आणि मधल्या अर्ध्या तासात तिच्याबरोबर फक्त भाऊजी.

भाऊजींवर संशय घेताना मला लाज वाटली, हे लिहायला हवं. पण संशय थांबला नाही. गाडीत रडणाऱ्या पोरीमुळे ते वैतागायचे, हे मी ऐकलं होतं, आणि हल्ली तेच कौतुकाने सांगायचे, "वहिनी, तुमची लेक गाडीत बसली की झोपते. पाच मिनिटांत गुडूप." कपाटात खोकल्याचं औषध होतं. मी बाटलीवर पेनाने बारीक रेघ मारून ठेवली. चार दिवस रोज बघत होते, औषध रेघेवरच. मला हायसं वाटायला हवं होतं. मी म्हटलं, दुसरी बाटली असेल.

नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो दमलेल्या आवाजात म्हणाला की मागच्या वेळी तू शेजारणीवर संशय घेतला होतास, आता माझ्या भावावर. उद्या माझ्यावर घेशील. मी म्हटलं, तू गाडी चालवत नाहीस म्हणून वाचलास.

सोमवारी मी अर्धी रजा टाकली. भाऊजींना सांगितलं की त्याच बाजूला माझं काम आहे. ठकीला त्यांच्या हातात न देता स्वतः घेऊन मागच्या सीटवर बसले आणि त्यांच्या हातांवर नजर लावली. ते नेहमीसारखे बडबडत होते. डोकं हल्ली सकाळी फार जड होतं, चष्म्याचा नंबर वाढला असेल, म्हणत होते. ठकी आधी माझ्या बांगड्या ओढत होती, नंतर नुसती धरून बसली. पुढे रस्ता खणून ठेवला होता. एकेरी वाहतूक. गाडी सुरूच ठेवून आम्ही उभे. काचा बंद, पंखा चालू.

मी बघत होते. भाऊजींचा उजवा हात स्टिअरिंगवर, डावा गिअरवर. खिशाकडे गेला नाही. मागे वळले नाहीत. ठकीचे डोळे मिटले. मी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, नऊ वाजून बारा मिनिटं. लक्षात ठेवायचं, असं स्वतःला बजावलं. पुन्हा पाहिलं तेव्हा नऊ एकवीस झाले होते आणि मधली नऊ मिनिटं माझ्याजवळ नव्हती.

कानशिलं ठणकत होती. पोटात ढवळत होतं. माझी मान ठकीच्या डोक्यावर टेकली होती आणि ती उचलायचा मला मनापासून कंटाळा आला होता. इतकं छान वाटत होतं, काय सांगू. मला वाटलं, उतरल्यावर बघू.

मग एक साधा प्रश्न आला, अगदी हळू, जणू दुसरंच कोणी विचारत होतं. मला कोणी काय पाजलं?

मी तर घरचा चहा पिऊन निघाले होते. स्वतः केलेला.

काचेचं बटण मला सापडेना. मी सरळ दार उघडलं आणि ठकीला घेऊन रस्त्यात उतरले. उतरले कसली, गुडघ्यांवर पडले. मागची गाडी हॉर्न वाजवत होती. "भाऊजी, गाडी बंद करा, बाहेर या," एवढंच मला बोलता आलं. ते उतरले आणि दाराला धरून ओकले. ठकी माझ्या हातात कपड्यासारखी लोंबत होती. मी तिला हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या, तळपाय चोळले. रस्ता खणणाऱ्या मजुरांपैकी एका बाईने डोक्यावरचं घमेलं टाकलं, मला ओढून कडेच्या मोकळ्या जागेत नेलं आणि हॉर्न वाजवणाऱ्याला त्याच्याच गाडीतून आम्हाला दवाखान्यात न्यायला लावलं. त्याला काय काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिचे उपकार फिटायचे नाहीत.

दवाखान्यात ठकीच्या बोटाला चिमटा लावला तर ऑक्सिजन चांगला दिसत होता. मला त्या आकड्यावरही विश्वास बसेना आणि या एका खेपेला माझी खोड कामाला आली. आम्ही तिघंही गाडीत होतो, तिघांनाही झालं, असं मी सांगताच डॉक्टरीण बाई थबकल्या. अशा वेळी हा चिमटा फसवतो, म्हणाल्या. रक्त तपासलं. कार्बन मोनॉक्साइड. याला ना रंग ना वास, हे मी कधीकाळी परीक्षेत लिहून पूर्ण गुण मिळवले होते.

तोंडावर मास्क लावल्यावर बऱ्याच वेळाने ठकीने डोळे उघडले आणि मास्क ओरबाडायला लागली. नर्स तिचे हात धरत होती. मी म्हटलं, ओरबाडू दे.

दुपारी मिस्त्री गाडी बघून आले. इंजिनाकडून येणाऱ्या धुराच्या नळीला जिथे जोड असतो तिथे चीर गेली होती, बाजूला सगळी काजळी. टॉवेल उष्णतेने करपून खाली गळून पडला होता. इंजिनापाशी साचलेला धूर त्या भोकांतून पंखा आत ओढत होता, आणि काचा मी बंद करवल्या होत्या. मिस्त्रींनी मला मागचं काहीच ऐकवलं नाही. पोर कशी आहे, एवढंच विचारलं आणि भोकांना पत्रा आणि रबर बसवून, जोड बदलून देतो म्हणाले. मावशी संध्याकाळी ठकीला बघायला आल्या. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, मी पण तुमच्यावरच घेतला होता की.

भाऊजी मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीत मोबाईल धरून बसले होते. रडत असतील म्हणून मी जवळ गेले, तर त्यांनी मोबाईल पुढे केला. जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांचा एक ग्रुप आहे. कॉईल काढल्याच्या दिवशी त्यांनी तिथे फोटोंसकट सगळी कृती टाकली होती. टॉवेल आणि टेपसुद्धा. सात जणांनी तसंच केल्याचं कळवलं होतं. भाऊजींनी दवाखान्यातूनच सगळ्यांना खरं काय ते लिहिलं. सहा जणांची उत्तरं आली.

सातव्याचं नाव तिथे नाही, गाव नाही, फक्त गाडीचा फोटो आहे. त्याने दहा दिवसांपूर्वी लिहिलं होतं, "तुमच्यामुळे काम फुकटात झालं. आईला प्रवासात कधी झोप लागायची नाही, आता बसली की शांत झोपते." भाऊजींनी त्याला अकरा निरोप पाठवले आहेत. ग्रुपवरून केलेला फोनही लागत नाही. निरोप अजून वाचलेले नाहीत.

गाडी गडद हिरवी आहे, जुनी, चौकोनी पाठीची. मागच्या काचेला आतून ऊन अडवायची काळी जाळी आहे आणि डाव्या दिव्याला तडा. तुमच्या गल्लीत, तुमच्या कचेरीबाहेर, कुठेही ती दिसली आणि मागच्या सीटवर काचेला डोकं टेकवून बसलेल्या म्हाताऱ्या बाई दिसल्या, तर झोपल्या असतील म्हणून पुढे जाऊ नका. काचेवर टकटक करा. त्या डोळे उघडेपर्यंत तिथून हलू नका.