गेटवरची फुंकणी

कारखान्यात मला सगळे फुंकणी म्हणतात, म्हणून मीही तेच नाव लावते. चुलीच्या फुंकणीनं जाळ धरतो. माझ्यामुळं मात्र एक चूल विझली. ती कशी, ते सांगते.

मी मूठभर आकाराचं मशीन. नळी तोंडाशी धरून माणसानं फुंकलं की श्वासातली दारू आकड्यात दाखवते आणि पिपाणीसारखी ओरडते. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत नवनवे कारखाने उभे राहत होते, तेव्हा माझी नेमणूक एका गेटवर झाली, सर्जेराव वॉचमनच्या टेबलावर.

सांडू जवळच्याच करमाड गावचा. पहिल्या दुष्काळात घरची मेंढरं गेली आणि तो इथं फोर्कलिफ्ट चालवायला लागला. मग दारू लागली. कंपनीनं काढलं नाही, दोन महिने व्यसनमुक्ती केंद्रात पाठवलं. परतल्यावर कागदावर सही घेतली: वर्षभर, न सांगता कधीही बोलावलं की फुंकायचं. मी एकदा जरी ओरडले तरी नोकरी गेली.

अकरा महिने मी त्याला शून्यच दाखवलं. शून्य दिसलं की सर्जेराव म्हणायचा, "जा नवरदेवा, पास झाला." बाकीचे त्याला बासरीवाला म्हणून चिडवायचे. तोही हसायचा. पण नळीवर त्याचे दात वाजायचे, ते फक्त मला ठाऊक.

पुन्हा दुष्काळ पडला. त्या उन्हाळ्यात सांडूची भूक मेली. बायको म्हाळसाबाईनं शहरातल्या औरंगपुऱ्यातून द्राक्षासवाची बाटली आणली. देशी औषध आहे, जेवणानंतर दोन टोपणं द्या, असं दुकानदारानं सांगितलं होतं. आसव आंबवून करतात, त्यात थोडी दारू आपोआप तयार होते, हे तिला कुणी सांगितलं नाही.

एका दुपारी डबा खाऊन त्यानं दोन टोपणं घेतली आणि तेवढ्यात गेटवर बोलावणं आलं. मी ओरडले.

काय घेतलंस, असं मॅनेजर साहेबांनी विचारलं. सांडूची जीभ अडखळली. "देशी... देशी घेतलं, साहेब. औषध."

साहेबांनी रजिस्टरात लिहिलं, 'देशी घेतल्याचे कबूल.' सांडूनं न वाचताच सही केली. तोंडात राहिलेलं असेल, चूळ भरून पंधरा मिनिटांनी परत घेऊ, असं सर्जेराव म्हणाला. तो नियम माझ्या डबीवरच छापलेला आहे. पण टँकर आला नव्हता, नळ कोरडा होता आणि साहेबांना मीटिंग होती. संध्याकाळपर्यंत सांडूची नोकरी गेली.

दुसऱ्या दिवशी म्हाळसाबाई बाटली घेऊन गेटवर आली. "भाऊ, वास घ्या. ह्याला दारू म्हणत्यात व्हय?"

सर्जेरावनं टोपणभर पिऊन फुंकलं. मी ओरडले. मग पंधरा मिनिटं दोघं घड्याळाकडं बघत बसली. त्यानं पुन्हा फुंकलं. शून्य.

"म्हंजी मीच पाजलं," एवढंच ती म्हणाली.

सर्जेराव हे साहेबांना सांगायला आत जाऊन आला. साहेब म्हणत होते, आता सही झालीय.

दिवाळीच्या सुमारास सांडू आला. पाय ठरत नव्हते. त्यानंच मला उचललं. "फुंकतो, सर्जेराव. आज खरं निघंल."

निघालं. सर्जेरावनं तो आकडा कुठंच लिहिला नाही.

मी अजून त्याच टेबलावर आहे. खोटं मी कधी बोलले नाही. पण तोंडात दारू आहे एवढंच मला कळतं, ती कुठून आली ते नाही. तुमच्या गेटवर माझ्यासारखी कुणी असेल, तर ती ओरडल्यावर पंधरा मिनिटं थांबा. तिला दुसऱ्यांदा विचारा.