रजईवरचे सहा किलो

चार चमचे साखरेचा चहा.

थंडीत फुटलेल्या टाचा.

कारखान्याची गच्ची, तिच्यावर पिंपांच्या मधून निघालेली वाट.

जुनी रजई, चौपदरी घडी.

मित्रांनो, हे सगळं एकाच गोष्टीतलं आहे. ती सांगणारा मी एक जुना वजनकाटा आहे. वस्तीतल्या मोफत दवाखान्यात, दाराआडच्या कोपऱ्यात राहतो. नवा होतो तेव्हा माझ्यावर चढायला रांग लागायची. मग पाठीवर फायली साचल्या आणि मला कुणी विचारेना. वस्तीत मधुमेह वाढला, तेव्हा सिस्टरांनी फायली उचलून मला ओल्या फडक्यानं पुसलं. ते उपकार मी विसरलेलो नाही.

त्याच आठवड्यात शिवणकारखान्यातली एक ताई आली. बारा तास मशीनवर बसायचं, गेटबाहेरचं स्वस्त तळण खायचं, भूक मारायला गोड चहा प्यायचा. गुडघे धरले होते, रक्तातली साखर चढली होती.

"मी डोळे मिटते हं, सिस्टर," चढताना ती म्हणाली. "आकडा बघितला तर भीतीनंच दोन किलो उतरतील."

ब्याण्णव भरलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "परवडेल तेच सांगते. जेवण तोडू नका. चहातली साखर अर्धी करा, तळणाऐवजी घरचा डबा आणा आणि जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर चाला. तीन महिन्यांनी साखर बघू. उतरली नाही तर गोळ्या वाढतील."

ताई रोज सुट्टीत गच्चीवर पाण्याच्या पिंपांमधून चालू लागली.

मध्येच कडाक्याची थंडी पडली. दवाखाना झाडणाऱ्या मावशींना लोकांचे अनवाणी पाय बघवेनात. चढण्याआधी पाय टेकायला म्हणून त्यांनी जुन्या रजईची चौपदरी घडी माझ्याखाली घातली. मलाही ऊब आवडली, खोटं कशाला बोलू? पण माझ्यासारख्या काट्याला मऊ जागा मानवत नाही. तो वजन वाढवून दाखवतो.

तीन महिन्यांनी ताई आली. चढली.

चौऱ्याण्णव.

तिनं चपला घातल्या. "माझ्या हाडातच आहे ते, सिस्टर. आता नाही येणार मी. उगाच अर्धा दिवस बुडतो." आणि साखर न तपासताच निघाली.

मला ओरडावंसं वाटलं. काट्याला कुठून तोंड!

सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. मग स्वतःच चढल्या. "अगंबाई! या थंडीत मी काय हत्ती गिळला?" उतरल्या, रजई ओढून काढली, फरशीवर पुन्हा चढल्या. चार किलो कमी!

"मावशी, पळा! तिला थांबवा!"

मावशी चपला न घालताच धावल्या. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी ताईला गाठलं आणि हाताला धरून परत आणलं. "माझीच चूक गं बाई. याला मऊ गादी दिली, तर हा माजला!"

फरशीवर ताईचं वजन अठ्ठ्याऐंशी भरलं.

ती माझ्यावरून उतरेचना. "राहू द्या अजून थोडा वेळ," म्हणाली.

साखर उतरली होती. गोळ्या वाढल्या नाहीत. आता गच्चीवर तिच्याबरोबर नऊ जणी चालतात, आणि ती मुलीलाही वजनाला आणते, वेळीच कळावं म्हणून. सिस्टर रोज सकाळी आधी स्वतः माझ्यावर उभ्या राहतात, मगच दार उघडतात. मावशी माझ्याखालची फरशी कोरडी ठेवतात. एका जुन्या काट्याला आणखी काय हवं?

मित्रांनो, एवढंच मागतो. मला कठीण, सपाट जागी ठेवा. माझ्यावर चढणाऱ्याला हसू नका. तो इथवर कसा आला, हे माझ्या तबकडीवर दिसत नाही.

पहिल्यांदा आली त्या दिवशी ताई दवाखान्याच्या दारापर्यंत येऊन दोनदा परत गेली होती.