अंड्याचा गट

ताईंच्या प्रयोगात उंदरांचे तीन गट होते, आणि त्यातला एक काही केल्या आजारी पडेना.

दमा कशाने आणि कोणत्या वाटेने जडतो, याची ही तुलना. एका गटाला अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन तुरटीसारख्या क्षारात कालवून पोटात टोचलं होतं, मग त्याचाच फवारा हुंगायला दिला होता. दुसऱ्या गटाला टोचणं नाही. थोडी गुंगी द्यायची आणि धुळीतल्या सूक्ष्म किड्यांच्या अर्काचा थेंब नाकावर ठेवायचा, श्वासाबरोबर तो आपसूक आत जाई. तिसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी. शेवटी उंदीर मारून फुफ्फुसं तपासली, तर धुळीच्या गटाची सुजलेली निघाली. अंड्याच्या गटाची मात्र मिठाच्या पाण्यावाल्यांइतकीच ठणठणीत.

प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर खूश होते. "अंडं टोचायची जुनी पद्धत फुसकी निघाली. परिषदेत हेच मांडायचं. घ्या लिहायला."

ताईंच्या गळी ते उतरेना. हीच पद्धत बाकी सगळीकडे निमूट चालते, मग इथेच का रुसली? त्यांनी प्रथिन तपासलं, सुया तपासल्या, फवाऱ्याचं यंत्र उघडून पाहिलं. सगळं जिथल्या तिथे.

"तुम्ही यशालाही दृष्ट लावाल," सर म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी धाकटी जाऊ बाळाला भरवत होती. "डॉक्टर म्हणाले, अंडं आत्तापासूनच थोडं थोडं चारा. अंगाला ओळख झाली की पुढे बाधत नाही."

ताईंचा घास हातातच राहिला.

"काय हो ताई, काय झालं?"

"उंदरांनी काय खाल्लं, ते विचारायचं राहिलं गं."

"घ्या! पुतण्या काय खातो ते कधी विचारलं नाहीत, आणि उंदरांच्या पंगतीची चौकशी!"

दुसऱ्या दिवशी ताई थेट उंदरांच्या खोलीत गेल्या. तिथली देखभाल करणारे काका दुसऱ्या उंदरांच्या पिंजऱ्यांतला भुसा बदलत होते.

"तुमच्या त्या उंदरांचं खाणं ना? तेच, पाकिटातल्या गोळ्या."

"आणखी काही, काका?"

काका ओशाळं हसले. "आले तेव्हा प्रवासानं पार चिपाड झाले होते हो. बघवेना. मग माझ्या डब्यातलं उकडलेलं अंडं कुस्करून घालायचो. चांगले टवटवीत होईपर्यंत."

"कोणाकोणाला?"

"सगळ्यांना! दुजाभाव नको. गट तर तुम्ही नंतर पाडलेत. का, काही चुकलं?"

"तुमच्या मनात काही वाईट नव्हतं," ताई म्हणाल्या. "पण पुढे गोळ्यांशिवाय काही घालायचं असेल तर आधी मला सांगा."

धुळीचे किडे कोणीच खाल्ले नव्हते, म्हणून तो गट आजारी पडला. अंडं मात्र पोटाच्या वाटेने आधीच ओळखीचं होऊन बसलं होतं. नंतर टोचलं तेव्हा शरीराने त्याला परकं मानलंच नसावं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "कशावरून अंड्यामुळेच?"

"सिद्ध नाही, सर. पण पद्धत फुसकी आहे, हेही आता सिद्ध नाही."

"परिषद तोंडावर आलीय. उंदीर काय जेवले, ते तिथे कोण विचारणार आहे?"

"मी विचारलं ना."

"अहो, इतक्या महिन्यांची मेहनत!"

"मेहनत आपली, सर. जीव त्यांचे गेले." ताईंचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, सरांना पुढे वाकून ऐकावं लागलं. "ते खोट्याच्या साक्षीला उभे करायला नकोत. धुळीचा गट तेवढा दाखवू. अंड्याच्या गटाखाली, त्यांनी आधी काय खाल्लं होतं ते लिहू."

"लोक हसतील."

"हसू देत."

"आणि तुलना?"

"ती पुन्हा करावी लागेल."

सर खुर्चीत मागे रेलले. मग त्यांनी संगणक स्वतःकडे वळवला. परिषदेच्या निबंधाच्या शीर्षकातल्या 'तुलना' या शब्दाकडे ते बराच वेळ बघत बसले. खोडला मात्र त्यांनीच.