रुचिराच्या परीक्षेचं गाऱ्हाणं

उद्या कंपनीची इंग्रजीची परीक्षा, आणि रुचिराच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. मालाडच्या ऑफिसात ती ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायची. काम चोख, पण याच परीक्षेत ती दोनदा आपटली होती. उद्या पुन्हा नापास झाली की नोकरी संपली. आणि अडत कशात होतं? इन, ऑन, ॲट! मेले चिमूटभर शब्द! टॅक्सीला म्हणे इन आणि बसला ऑन. का? बसच्या काय टपावर बसतात?

"अगं आई, असंच असतं. पाठ कर ना," मोबाइलमधून डोकं वर न काढता तिची लेक जान्हवी म्हणाली.

"असंच असतं? हे ऐकायला तुला इंग्रजी शाळेत घातलं?" रुचिरा कडाडली. मोठमोठे शब्द तिला पटापट सुचायचे. ही चिल्लीपिल्ली मात्र ऐनवेळी दगा द्यायची.

तेवढ्यात सासरे, लवूआबा, नारळ घेऊन देवापुढे उभे राहिले. कांदिवलीत जन्म गेला, तरी कोकणातल्या रीतीप्रमाणे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय त्यांचं कुठलंच काम सुरू होत नसे. शेजारच्या मालनताईंनाही त्यांनी बोलावून आणलं होतं. झालं! आता आपलं नापास होणं अख्ख्या मजल्याला कळणार, म्हणून रुचिराचा जीव जळला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी साथ दिली.

"आमच्या सुनेची उद्या परीक्षा आसा. ते इन, ऑन, ॲट तिका दोनदा आडवे इले. तेंका वाटेतसून बाजूक कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मालनताई हसू दाबत होत्या. रुचिराने दात आवळले.

आबांचा आवाज खाली आला. "माझ्या झिलाचो, सर्वेशाचो, धंदो बुडलो, तेव्हापासून ह्यां घर ती एकटी चालवता, म्हाराजा. माका तां तिच्या तोंडार बोलूक जमाक नाय. तिका यश दी. आणि दिलंस नाय, तरी ह्या घरात तिका कोण बोल लावचो नाय."

"व्हय म्हाराजा," तिचा नवरा सर्वेश जमिनीकडे बघत पुटपुटला.

रुचिराला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. इतकी वर्षं एका छपराखाली काढली, आणि ही गोष्ट तिला देवाच्या मार्फत कळत होती.

"आबा, हे कधीतरी मला सांगायचं होतंत ना!"

"तुझ्याफुडे लपवूक येता, देवाफुडे खोटां बोलाक येणा नाय गो," आबा म्हणाले आणि नारळ फोडायला खाली वाकले.